हिराबाईची शपथ आणि माझी पदवी

गेल्या वर्षी एका संस्थेनं मला मुलाखती घ्यायला बोलावलं. पद होतं व्यसनमुक्ती समुपदेशकाचं. बोलावण्याचं कारण माझं ज्ञान नसून वय असावं. समितीत एक म्हातारी असली की फोटो भारदस्त येतो. पुढ्यात जाहिरात ठेवली होती. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, त्यावर व्यसनांच्या उपचाराचा वेगळा अभ्यासक्रम, मान्यताप्राप्त केंद्रातला अनुभव, शिवाय संगणक यायला हवा. मी चष्मा पुसून सगळं पुन्हा वाचलं आणि शेजारच्या तरुण अधिकाऱ्याला हळूच विचारलं, "सत्तरच्या सुमाराला एका मुलीनं नगरला हेच काम करायला घेतलं होतं. पदवी तेवढी होती, बाकी काही नव्हतं. तुम्ही घेतलं असतंत तिला?"

"नाही हो आजी. छाननीतच गेली असती."

"योग्य," मी म्हणाले. "मी ओळखते तिला. मीही घेतलं नसतं."

त्या मुलीचं वर्णन करते, म्हणजे तुम्हालाही पटेल. खादीची साडी, खांद्याला शबनम पिशवी, आणि चेहऱ्यावर अशी करुणा की समोरच्याला वाटावं, आपल्या घरी कुणीतरी गेलंय आणि ही सांगायला आलीय. मुंबईत दोन वर्षं समाजकार्य शिकून आलेली. व्यसनांवर तिला किती शिकवलं होतं? मनाच्या आजारांच्या तासांमध्ये एक तास. त्या तासाला ती हजर होती, याचा तिला फार अभिमान.

ज्या धर्मादाय दवाखान्यात मला नोकरी मिळाली, तिथले मोठे डॉक्टर कमी बोलायचे. त्यांनी माझी मुलाखत घेतली ती अशी.

"सायकल येते?"

"येते."

"दारूड्यांची भीती वाटते?"

"सर, त्यांना दारूडे म्हणू नये. ते रुग्ण असतात."

"बरोबर आहे तुमचं. आता खरं सांगा, भीती वाटते?"

"वाटते."

"मग या सोमवारपासून."

व्यसनमुक्ती केंद्र वगैरे तेव्हा काही नव्हतं. पुरुषांच्या वॉर्डाच्या शेवटाला, खिडकीपाशी दोन खाटा होत्या, तेवढाच आमचा विभाग. आता या कामात असतं काय, ते बाहेरच्या माणसासाठी सांगते, कारण बहुतेकांना वाटतं दारू सोडवणं म्हणजे उपदेश करणं. उपदेश तर बायको करतच असते आणि फुकट करते. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की अंगाला कंप सुटतो, डोळ्यांपुढे नसलेल्या गोष्टी दिसतात, झटके येतात, आणि त्यात माणूस जाऊही शकतो. गावाकडं "कोंडून घाला खोलीत, आपोआप सुटंल" असा उपाय करत, त्यात जीव गेलेले मला ठाऊक आहेत. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांचे. ते औषधं देणार, सुया देणार, नाडी बघणार. शरीरातली दारू अशी आठवड्यात जाते. घरातली जायला मात्र वर्षं लागतात, आणि तिथं माझं काम सुरू. रुग्णाजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं, त्याच्या घरी जायचं, तो पुन्हा प्यायला तर पुन्हा बसायचं. हे सगळं शिकून करायचं काम आहे, म्हणूनच त्या जाहिरातीतल्या सगळ्या अटी मला मान्य आहेत. माझ्याकडं त्या नव्हत्या ही गोष्ट वेगळी.

पहिल्याच महिन्यात एका ट्रक ड्रायव्हरनं मला विचारलं, "बाई, तुमी कवा पेलाय का?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला शिकवलेलं होतं. मी मान तिरकी करून म्हणाले, "इथं माझ्या अनुभवापेक्षा तुमचा अनुभव महत्त्वाचा आहे."

"मंग पगार बी मलाच द्या की," तो म्हणाला आणि कुशीवर वळून झोपला.

दुसरे एक खर्ड्याचे पेन्शनर होते. धोतर, काळी टोपी, हातात छत्री, चांगले जामखेडमार्गे दोन गाड्या बदलून आलेले. दारूबंदीचे दिवस होते, तब्येतीच्या कारणावरून दारूचं परमिट मिळे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की नगरच्या दवाखान्यात एक बाई 'दारूचं बघते'. माझ्यासमोर बसून ते फार अदबीनं म्हणाले, "बाईसाहेब, आमची प्रकृती नाजूक आहे. थोडी सोय झाली तर बरं." मला वाटलं, यांना सोडायची आहे. मी तासभर त्यांना धीर दिला. त्यांना वाटलं, ही सरकारी पद्धत असेल, म्हणून तेही मान डोलवत राहिले. उठताना म्हणाले, "मग बाटली इथंच मिळंल का दुकानातून घ्यायची?" डॉक्टर पडद्यामागं हात धूत होते. ते बराच वेळ धूत राहिले.

असं माझं चाललं होतं. पण मला लिहायचं आहे ते सखाराम आणि हिराबाईविषयी. बाकीच्यांच्या गोष्टी मला आठवतात. या दोघांची आठवण येते. दोन्हीत फरक असतो, तो या वयात कळतो.

सखाराम नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरचा. गुळव्या होता. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते : चुलवाणावर मोठी काहील चढवलेली असते, तिच्यात उसाचा रस उकळत असतो, आणि तो नेमका कधी उतरवायचा हे एकच माणूस ठरवतो. तो गुळव्या. क्षणभर लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर काळा पडतो. सखारामच्या हातचा गूळ केशरी यायचा. पण जो काळा पडे तो गुपचूप न्यायला हातभट्टीवाले यायचे, आणि त्यांच्या धंद्याची रीत अशी की गूळ घेताना गुळव्याला घोट पाजायचा. आधी घोट, मग बाटली. शेवटी हात इतके कापायला लागले की मालकानं त्याला काहिलीजवळ उभं राहू देणं बंद केलं.

त्याला एसटीनं घेऊन आली ती हिराबाई. सडपातळ, कपाळाला मोठं कुंकू, बोलायला फटकळ. सखाराम सगळ्या वाटेत थरथरत होता, त्याला खिडकीशी बसवून तिनं आपल्या पदराची गाठ त्याच्या मनगटाला बांधली होती. मी विचारलं, "हे का?"

"राहुरीच्या स्टँडावर उतरून पळाला असता," ती म्हणाली. "लगनात बांधली हुती तवा कुठं पळाला. आता काय भरवसा."

सखारामचे पहिले दिवस वाईट गेले. तो हवेतल्या काहिलीतली मळी काढायचा आणि मला ओरडायचा, "बाई, लांब हुबं ऱ्हावा, उतू जातंय." मी खरंच लांब उभी राहायचे. मग एका सकाळी त्यानं शांतपणे चहा मागितला, आणि त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. म्हणजे तो बोलायचा. गुळाचा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी कशी वळायची, ती कशी वाजली पाहिजे, थंड व्हायला वाफ्यात ओतल्यावर पहिल्यांदा कोणत्या कडेला गोठते. काहिलीच्या कडेला चिकटलेला गरम गूळ तो पळसाच्या पानावर घेऊन रोज हिराबाईला न्यायचा, लग्नापासून. "त्यो इकायचा नस्तो," तो म्हणाला. "त्यो घरच्या मानसाचा."

जाताना डॉक्टरांनी त्याला खाटेवर बसवून सरळ सांगितलं. यकृत सुजलंय, अजून भरून येईल, पण पुन्हा सुरू केलंस तर पुढची दिवाळी कठीण आहे. हिराबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. नुसती बघत होती, डॉक्टरांच्या तोंडाकडं, जणू ते बोलणं पाठ करत होती.

थंडीच्या दिवसांत मी बेलापूरला गेले. सखाराम काहिलीपाशी उभा होता आणि त्याचे हात स्थिर होते. मला पानावर गरम गूळ मिळाला. तोंड भाजलं तरी मी तो बाहेर काढला नाही. माझ्या आयुष्यातला पहिला यशस्वी रुग्ण होता तो, आणि मी स्वतःवर इतकी खूश की तो गूळ जणू माझ्याच हातचा.

परत निघताना हिराबाई एसटीपर्यंत आली. "आता न्हाई पिनार," ती म्हणाली. "म्या शपथ घातलीय. खंडोबाच्या म्होरं बेलभंडारा उचलायला लावला, आन वरनं माज्या गळ्याची घातली. म्हनलं, पुन्हा पेला तर माजं मेल्यालं तोंड बगशाल."

मी मनात नोंद केली : कुटुंबाचा सक्रिय सहभाग. आणि गाडीत बसले.

पाडवा होऊन गेला, उन्हं तापली, आणि हिराबाई एक दिवस दवाखान्यात येऊन दारातच बसली. सखाराम घरी नव्हता. हंगाम संपला त्या दिवशी गुऱ्हाळावरून निघाला तो घरी पोचलाच नाही. मालकाकडं नाही, बहिणीकडं नाही, विहिरीत गळ टाकून पाहिला तर तिथंही नाही.

"आत्याबाई म्हनत्यात, दुसरी केली असंल," हिराबाई म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू. "करायची तर करू दे. पन कळवावं का न्हाई मानसानं."

मी तिला पाणी दिलं आणि माझं निदान सांगितलं. जबाबदारीपासून पलायन, असं काहीतरी मराठीत करून. तिनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाई, तुमचं लगीन झालंय का?"

"ठरलंय," मी म्हणाले.

"व्हय का. मंग ऱ्हाऊ द्या."

सखारामचा पत्ता लागला तो त्या ट्रक ड्रायव्हरकडून, पगार मागणाऱ्या. आता तो पिणं सोडून मधूनमधून दवाखान्यात डोकावत असे. म्हणाला, "तुमचा गुळव्या नागापूरला हाय. नवीन शेड बांधत्यात तिथं घमेली वाहतोय." नगरबाहेर, नागापूरला तेव्हा औद्योगिक वसाहत आकाराला येत होती. माळरानावर इकडं एक भिंत, तिकडं एक पाया, मधे उन्हात चमकणारे पत्रे. जामखेड-खर्ड्याकडची कोरडवाहू माणसं कामाला येऊन तिथंच पालं टाकून राहत. मी सायकल हाणत गेले.

सखाराम विटांच्या ढिगाआड बसून भाकरी खात होता. वाळला होता. डोळे पिवळे. मला पाहून उठला नाही, पळालाही नाही.

"बसा बाई. खाली दगूड गरम आसंल, बघून बसा."

"घरी का नाही गेलास सखाराम?"

त्यानं तोंडातला घास संपवला. "हंगाम सुटला त्या दिशी पेलो. भट्टीवाला म्हनला, वरीस भागलं, यक घोट. पेलो. आन घराकडं निघालो. वढ्यापाशी आलो तवा ध्यानात आलं."

"काय?"

"तिचं तोंड बगितलं की ती मरनार."

मला कळलं नाही. तो मला, लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागला. शपथ मोडली. ती आता बाधणार म्हणजे बाधणार. पण शपथेचे शब्द काय होते? मेलेलं तोंड बघाल. मग आपण बघायचंच नाही. जोवर आपली नजर तिच्यावर पडत नाही, तोवर ती जित्ती. "म्हनून म्या रातच्याला बी तिकडं त्वांड करून झोपत न्हाई," तो म्हणाला. बेलापूर कोणत्या दिशेला आहे ते त्यानं हातानं दाखवलं, स्वतः मात्र मान वळवली नाही.

"आणि आता पितोस?"

"पितो कवा कवा. घरी जायचंच न्हाई तर सोडायची कुनासाठी?"

माझ्या पिशवीत पलायन हा शब्द होता. तो मी तिथंच कुठंतरी टाकून आले असेन, पुन्हा मला सापडला नाही. हा माणूस बायकोपासून पळाला नव्हता. तिला जिवंत ठेवायला उन्हातान्हात विटा वाहत होता, आणि तेवढ्या वेळात स्वतः संपत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलेली दिवाळी पाच-सहा महिन्यांवर होती.

मी दवाखान्यात येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हटलं, "सर, हे माझ्या कामात बसतं का? मी समाजकार्य शिकलेय. शपथ उतरवणं हे भगताचं काम."

ते म्हणाले, "तुमच्या कामात काय बसतं ते तुम्ही ठरवा. मला त्याचं यकृत इथं खाटेवर पाहिजे. ते कसं आणायचं, हे माझ्या शिक्षणात नाही."

दुसऱ्या दिवशी मी बेलापूरला. हिराबाई अंगणात शेणी थापत होती, सासू ओट्यावर. मी सखाराम सापडल्याचं सांगितलं आणि लगेच, तिला एक शब्द बोलू न देता, व्याख्यान सुरू केलं. शपथेनं कुणी मरत नाही, दारू हा आजार आहे, पुन्हा पिणं हाही आजाराचाच भाग, भीती घालून आजार बरा होत नाही. फार सुंदर बोलले असणार. शेवटी म्हटलं, "तेव्हा तुम्ही फक्त 'शपथ सुटली' असं म्हणा."

"न्हाई म्हननार," हिराबाई म्हणाली.

"का?"

"सुटली म्हनलं की त्यो पियाला मोकळा."

"अहो, तो पितोच आहे तिकडं."

"आसंल. पन माज्या तोंडानं मोकळा न्हाई केला."

मी चिडले. "बरं, मग मी म्हणते. सुटली. झालं?"

ओट्यावरची म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. "आगं बाई, तू बांधली हुतीस का? ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडायची आस्ती."

म्हणजे माझी पदवी इथं चालत नव्हती. दोन वर्षांचं शिक्षण, एका तासाचं व्यसनांवरचं व्याख्यान, कशालाच मोल नाही. या कामाला जिल्ह्यात एकच माणूस लायक होतं आणि ते हाताला शेण माखून बसलं होतं.

मी गप्प बसले. शिकवलेलं म्हणून नव्हे, काही सुचेना म्हणून. आणि माझी गडबड थांबल्यावर हिराबाई बोलायला लागली. शेणी थापता थापता, माझ्याकडं न बघता. नगरची गाडी येते त्या वेळी ती रोज पाण्याची घागर घेऊन स्टँडावरून जाते. पाणी दुसऱ्या बाजूला आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे की पाणी दुसऱ्या बाजूला आहे. "कुनी काय बोलत न्हाई," ती म्हणाली. "कंडक्टर बी मान हालवतो, न्हाई आला म्हनून." मग म्हणाली, "बाई, माज्याकडं बांधायला दुसरं हाय तरी काय? दोरखंड नव्हता, म्हनून गळा घातला."

मी तेव्हा तिला सांगितलं, तो का आला नाही ते. खरं तर येताक्षणी हेच सांगायला हवं होतं. ओढा, भट्टीवाला, तोंड बघायचं नाही म्हणून घेतलेली वाट, बेलापूरकडं तोंड करून न झोपणं.

तिचे हात थांबले.

"दुसरी न्हाई केली?" सासूनं विचारलं.

"नाही."

हिराबाईनं शेणाचा हात तसाच कपाळाला लावला. "येडं हाय त्ये," ती म्हणाली. "येडं हाय." आणि उठून हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा लुगडं बदललेलं होतं.

"चला," ती म्हणाली. "शपथ समोरासमोर सुटती. हितनं सोडून न्हाई भागायचं."

पुढचं सांगण्याआधी नंतरचं सांगून टाकते. सखाराम आमच्या खिडकीजवळच्या खाटेवर परत आला. ती दिवाळी त्यानं पाहिली, आणि त्यापुढच्या कितीतरी. दुष्काळात गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा तो घसरला, नंतर आणखी एकदा घसरला. दोन्ही वेळा रात्र व्हायच्या आत घरी आला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन दवाखान्यात हजर. पुढं मी नगर सोडलं. लग्न झालं, पुण्याला आले, बरीच वर्षं हाच विषय शिकवला, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांवर बसले. पुन्हा पिणाऱ्याला परत यायला दार उघडं हवं, हे वाक्य मी इतक्या वर्गांना लिहून दिलं आहे की माझे विद्यार्थी मला त्याच वाक्यावरून ओळखतात. बेलापूरला जायचं जायचं म्हणत राहिले. आता गेले तर तिथं कोण असणार? पण कधी कधी दुपारी, घरात कुणी नसताना, मला त्या गुळाच्या वासासकट तिकडं जावंसं वाटतं; नगरच्या गाडीतून उतरावं, स्टँडावर घागर घेतलेली ती बाई असावी, आणि तिनं मला विचारावं, "बाई, झालं का लगीन?" झालं गं. छान झालं. चाळीस वर्षं चाललं, आणि संपलं. तिला हे सांगायचं राहून गेलं आहे.

तर नागापूर. कलत्या उन्हात आम्ही दोघी पोचलो. एका शेडची भिंत छातीच्या वर आलेली होती. आम्ही येताना दिसल्याबरोबर सखाराम त्या भिंतीपलीकडं गेला आणि खाली बसला. मी वळसा घालून त्याच्याजवळ जायला निघाले तर हिराबाईनं मला हातानं थांबवलं. आणि ती भिंतीच्या अलीकडं, त्याच्या पाठीला पाठ लागेल अशी, विटांना टेकून बसली. मधे ओली भिंत. कामावरच्या बायांनी घमेली खाली ठेवली.

"अवं," ती म्हणाली.

पलीकडं विटांवर काहीतरी सरकलं.

"सुटली म्हनायला आलेय. पन फुकट न्हाई सोडनार."

"काय पायजे?" पलीकडून आवाज आला. किती दिवसांनी ऐकला असेल तिनं. तिनं डोळे मिटून घेतले.

"पुन्हा न्हाई पिनार म्हना."

तो म्हणाला, "हिरे, म्हनंन मी. मागं बी म्हनलो हुतो."

मला वाटलं, संपलं. आता ती उठणार. ती उठली नाही. एका विटेची कड नखानं खरवडत राहिली.

"बरं, त्ये ऱ्हाऊ द्या," ती शेवटी म्हणाली. "पेला तर घरी यायाचं. पिऊन आला तरी यायाचं. हितं न्हाई बसायचं."

"आन तुजं त्वांड?"

"म्या फिरवून बसंन भिताडाकडं. तुमी या."

माळावर वारं होतं. कुणीतरी खोकलं. पलीकडून सखारामनं हलक्या आवाजात विचारलं, "खरं?"

"खरं. सुटली. माजी शपथ सुटली, खंडोबाची बी त्याला सांगून सोडवीन, सुटली."

तो उठल्याचं आम्हाला ऐकू आलं. मग भिंतीला एक हात लावून चाचपडत तो कडेनं वळून आला, कारण त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. चुन्यानं पांढरा झालेला, अनवाणी. आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबला. हात पुढं केला, मागं घेतला.

"हायेस का?" त्यानं विचारलं.

हिराबाई त्याच्याकडं बघत होती. तिला लगेच बोलता आलं नाही, आणि तेवढ्या वेळात त्याचा चेहरा भीतीनं असा झाला की मीच बोलणार होते.

"हाय," ती म्हणाली. "उगडा डोळे."